एकशे साठ चौरस फुटांतली झोप

रात्रपाळी करून आलेल्या पोलीस शिपायाला भर दिवसा झोप मिळवून देणे, हे पोलीस लाईनमधल्या बायकांचे नेहमीचे आणि सर्वांत अवघड काम आहे. मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींत पिढ्यान्‌पिढ्या ते १६० चौरस फुटांत करावे लागले. १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या या चाळी तळमजला आणि वर तीन मजले अशा आहेत. मजल्यावर वीस खोल्या, मधून अंधारा लांब पॅसेज आणि सामाईक संडास. यांतल्या काही इमारती पोलिसांना क्वार्टर म्हणून मिळाल्या. स्वयंपाक, मोरी, मुलांचा अभ्यास आणि नाईटवरून आलेल्या माणसाचे अंथरूण, सगळे त्याच एका खोलीत.

नवरा घरी यायच्या आत कुकरच्या शिट्ट्या उरकलेल्या असतात. नळाचे पाणी भरून ठेवलेले असते, कारण पिंपात पडणाऱ्या धारेनेही झोपमोड होते. वाटण करायचे राहिले असेल तर मिक्सर शेजारच्या खोलीत जातो. मात्र शेजारणीचे ‘हे’ दिवसपाळीला असतील तरच. कोणाचे ‘हे’ या आठवड्यात नाईटला आहेत, ते मजल्यावरच्या प्रत्येक बाईला पाठ असते. ही माहिती कुठल्या वहीत लिहिलेली नसते, तरी तिच्यात चूक होत नाही.

वरळीच्या अशाच एका मजल्यावर एक बाई भर दुपारी उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. दार लोटलेले, आत पंख्याची घरघर. पॅसेजमधून पळत येणारे पोर दिसले की ती नुसता हात वर करी आणि पोर पावले हलकी करी. मांडीवर नवऱ्याचा मोबाईल, आवाज बंद केलेला. बँकेचा किंवा नातेवाइकाचा फोन ती कापून टाकी. ठाण्यातून आला तर मात्र उठवावेच लागते, असे तिने सांगितले. “चार तास सलग झाले की दिवस चांगला गेला,” हे तिचे माप. आठ नव्हेत, सहा नव्हेत, चार तास. तेवढ्यासाठी ती स्वतः दुपारची आडवी होत नव्हती.

गणवेश धुणे, इस्त्री, डबा ही कामे ठरलेली. बुटाचे पॉलिश आणि बक्कलवर घासायचे ब्रासो यांचा वास मात्र खोलीतून कधीच पुरता जात नाही. पाहुण्याला तो जाणवतो, घरच्यांना जाणवेनासा झालेला असतो.

कागदावर ड्युटीचे तास कमी झाले आहेत. पूर्वी बारा तासांची पाळी सर्रास होती. मे २०१६मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याचा आराखडा रवींद्र पाटील या पोलीस कर्मचाऱ्याने मांडला होता आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला. पुढे तो इतर ठाण्यांत गेला. नवरा दिवसाउजेडी घरी येतो, हे त्या बायकांनी पहिल्यांदा अनुभवले. पण पाळी कितीही तासांची असो, रिलीव्हर आला नाही तर माणूस सुटत नाही, आणि बंदोबस्त लागला की साप्ताहिक सुट्टीही जाते. गणपतीचे दहा दिवस, चैत्यभूमीवरचा ६ डिसेंबर, ३१ डिसेंबरची रात्र, निवडणुका. लालबागची गर्दी सांभाळणाऱ्याच्या घरचा दीड दिवसाचा गणपती दिराच्या किंवा शेजाऱ्याच्या हातून विसर्जनाला जातो. “येतोच” असा फोन येतो आणि ताट झाकून ठेवले जाते.

२०२०च्या टाळेबंदीत या खोल्यांची खरी परीक्षा झाली. ५५ वर्षांवरच्या पोलिसांना घरी थांबायला सांगण्यात आले, बाकीचे नाक्यांवर उभे राहिले. रात्री घरी आल्यावर १६० चौरस फुटांत वेगळे राहायचे कुठे? दाराबाहेर बादली, तिच्यात गरम पाण्यात गणवेश, आणि मुलांना गावी किंवा माहेरी धाडणे, एवढेच बायकांच्या हाती होते.

या हालांविषयी पोलिसाला स्वतः बोलता येत नाही. १९६६च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर कडक निर्बंध आहेत. ऑगस्ट १९८२मध्ये मुंबईतल्या शिपायांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली गेली, पोलीस रस्त्यावर उतरले आणि लष्कर बोलवावे लागले. नवऱ्याचे तोंड बांधलेले असते, म्हणून बोलायचे ते बायकोने. ऑक्टोबर २०२४मध्ये तेलंगणात विशेष पोलीस दलाच्या जवानांच्या बायका रस्त्यावर आल्या, त्या घरापासून लांबच्या नेमणुकांविरुद्धच. तिथे पुढे आंदोलनावरून जवान निलंबित झाले. बायकोने तोंड उघडण्याचीही किंमत घरालाच मोजावी लागते.

क्वार्टरची टांगती तलवार वेगळी. निवृत्तीनंतर घर रिकामे करावे लागते. आयुष्य मुंबईत काढून म्हातारपणी भाडे परवडेल तिथे, नाहीतर गावाला जायचे. बीडीडीच्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे बांधली जात आहेत, आणि तिथे राहत आलेल्या पोलीस कुटुंबांना ती १५ लाख रुपयांत द्यायचे ठरले. वरळीतल्या पहिल्या घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५मध्ये रहिवाशांना मिळाल्या. ५०० चौरस फुटांत झोपायची खोली वेगळी असते, तिला दार असते.

उंबऱ्यातल्या त्या बाईची मेथी निवडून झाली तेव्हा मांडीवरचा मोबाईल थरथरला. तिने नाव पाहिले, काड्या पदरातून झटकल्या आणि आत जाऊन नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. फोन ठाण्यातून होता. त्या दिवशी तीन तास दहा मिनिटे झाली होती.