ब्रह्मदेशातून पुण्यात आणि पुण्यातून देशभर

पोटापाण्यासाठी ब्रह्मदेशात गेलेल्या कोकणस्थ करमरकर कुटुंबात 1905 साली जन्मलेल्या आणि इरावती नदीवरून नाव मिळालेल्या इरावती कर्वे यांना वयाच्या सातव्या वर्षीच शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागा शाळेत पाठवण्यात आले, आणि पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरात त्यांना वाचनाची व मोकळ्या चर्चेची सवय लागली. मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्याकडे शिकून त्या बर्लिनला गेल्या. तेथे कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेचा अभ्यास करताना, वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणाऱ्या मार्गदर्शकाच्या कल्पनेला आधार मिळत नाही, हा निष्कर्ष त्यांनी मांडला. परक्या देशात एका विद्यार्थिनीने दाखवलेले हे धैर्य सामान्य नव्हे.

1939 पासून डेक्कन कॉलेजात अध्यापन करताना त्यांनी वर्गाइतकेच महत्त्व भटकंतीला दिले. मानवमिती, म्हणजे माणसांच्या शरीराची शास्त्रीय मोजमापे घेण्याची पद्धत, आणि नातेव्यवस्था, म्हणजे विवाह व रक्तसंबंधांनी बांधलेली कुटुंबरचना, यांच्या अभ्यासासाठी त्या निरनिराळ्या प्रांतांत फिरल्या. या नातेव्यवस्थेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. पंढरीच्या वारीत त्या स्वतः चालल्या, आणि एकाच दिंडीत जातीनुसार वेगळ्या पंगती बसतात हेही त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. महाभारतातील व्यक्तिरेखांची चिकित्सा करणाऱ्या त्यांच्या ‘युगान्त’ला 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; मराठी वाचकांनी त्यांचा परिचय त्या पुस्तकापासून करून घ्यावा.