दोन नेटवर्क कार्डांच्या सर्व्हरवरील नामनिराकरण
संगणकाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधणे म्हणजे नामनिराकरण होय. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडलेली डीएनएस प्रणाली हे कार्य करते. छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या महाविद्यालयाच्या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे आहेत असे समजू : एक अंतर्गत जाळ्याशी, दुसरे इंटरनेटच्या राउटरशी जोडलेले. विंडोज सर्व्हर दोन्ही पत्ते एकाच नावाखाली डीएनएसमध्ये आपोआप नोंदवतो. सर्व्हरच्याच उपजाळ्यातील कार्यालयाला जवळचा पत्ता आधी मिळतो, म्हणून तेथे तक्रार नसते. वेगळ्या उपजाळ्यातील ग्रंथालयाला मात्र दोन्ही पत्ते आळीपाळीने प्रथम मिळतात. इन्फ्लिबनेटची ‘सोल’ प्रणाली सकाळी उघडते, दुपारी उघडत नाही, आणि दोष बिचाऱ्या केबलला लावला जातो.

अशा वेळी ग्रंथालयातील संगणकावर ‘एनएसलुकअप’ या आज्ञेपुढे सर्व्हरचे नाव द्यावे. दोन पत्ते दिसल्यास बाहेरच्या कार्डाची डीएनएस नोंदणी बंद करावी, त्या पत्त्याची जुनी नोंद पुसावी व संगणकांनी साठवलेली उत्तरे ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ने काढून टाकावीत. डीएनएस सेवा त्याच सर्व्हरवर असेल, तर ती केवळ अंतर्गत पत्त्यावर चालू ठेवावी. अन्यथा पुसलेली नोंद पुन्हा उगवते. प्रत्येक संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये पत्ता लिहिण्याचा उपाय अनेकांना सोपा वाटतो. तो चालतोही, परंतु सर्व्हरचा पत्ता बदलला, की ऐन प्रवेशाच्या दिवसांत एकेका संगणकापर्यंत जावे लागते.