वेचणीच्या दिवसांतली अंगणवाडी

सकाळी ८:२०
अंबड तालुक्यातलं गाव. दिवाळी सरलीय, कापूस फुटलाय. अंगणवाडीची वेळ साडेनऊची, पण वेचणीच्या बायांचा टेम्पो साडेआठला पारावरून निघतो आणि कुणासाठी थांबत नाही. किलोमागे दहा रुपये. उशीर झाला की रोज बुडाला. म्हणून सेविकाताई आधीच कुलूप काढतात. एक बाई कडेवरचं पोर मदतनीस मावशींच्या हाती देते नि पळते. ताईंच्या या जादा तासाचा हिशेब कुठे लागत नाही.

मावशी अंगण झाडतात. खराटा साठ रुपयांचा, ताईंनीच आणलेला.

सकाळी ९:३०
हात धुणं. एक बादली, एक छोटा तांब्या. पाणी ज्याचं त्यानं घ्यायचं. ताई फक्त विचारतात, "किती तांबे झाले?" कुणी तीन म्हणतं, कुणी दहा. दहा म्हणणारा अडीच वर्षांचा आहे, त्याला सगळंच दहा. अर्धं पाणी पायावर सांडतं. मावशी कुरकुरतात, पण तांब्या काढून घेत नाहीत.

मग रुमालाच्या घड्या. कोपऱ्याला कोपरा. जमत नाही, पुन्हा.

सकाळी १०:१५
निवडण. परातीत चवळी, हरभरे नि थोडी सरकी एकत्र. समोर तीन वाट्या. चार वर्षांची एक मुलगी बसलीय. सरकी चिमटीत धरते, सरकीचे तंतू बोटाला चिकटतात. ती हात झटकते. सरकी सुटत नाही. मग दुसऱ्या हाताची दोन बोटं लावून सोडवते, वाटीत टाकते आणि वर बघते. ताई बघत असतात, बोलत नाहीत. शेजारचा ओरडतो, "बाई, माझा हरभरा पळाला!" दोघं पोटावर पडून कपाटाखालून हरभरा काढतात.

तीन वर्षांखालच्यांना दाणे नाहीत. नाकात घालतात. त्यांना डबे आणि झाकणं. कोणतं झाकण कुठल्या डब्याचं, यात त्यांचा अर्धा तास जातो.

"पालक म्हणतात, पाटी-पेन्सिल कधी देणार?" ताई सांगतात. "म्हटलं, पेन्सिल याच बोटांनी धरायचीय ना? आधी बोटं तर तयार होऊ द्या."

हे काही नवं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांच्या साथीनं ते कोसबाडला नेलं. माँटेसरी पद्धतीची विकतची साधनं खेड्यात परवडणार नव्हती, तेव्हा बिया, काड्या, शिंपले कामाला आले. अंगणवाड्या चालवणारी सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतरची, २ ऑक्टोबर १९७५ची.

सकाळी ११:४०
बचत गटाच्या बाया खिचडीचं पातेलं घेऊन येतात. २०१७च्या निकषांप्रमाणे तीन ते सहा वर्षांच्या मुलाला या आहारातून ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवी होती. त्यासाठी केंद्रानं तेव्हा ठरवलेला दर दिवसाला ८ रुपये होता. बाहेर टपरीवर कटिंग चहाही दहाचा आहे.

ताटल्या मांडायचं काम आज एका पाच वर्षांच्या मुलाकडे. तो प्रत्येकापुढे एकेक ठेवत जातो. शेवटी उभा राहतो. हात रिकामे, एक मुलगी ताटलीविना. "बाई, एक कमी हाय."
"मग किती आणू?"
विचार करतो. "एकच."
मला वाटतं, आजच्या दिवसातलं सगळ्यात मोठं गणित हेच.

दुपारी १:००
वजनं. छताच्या हुकाला काटा टांगलेला. आधी शून्यावर आणायचा, मग मूल झोळीत. मूल हललं की सुई हलते, मावशी टाळ्या वाजवून त्याला गप्प करतात. दंडाला पट्टी. ११.५ सेंटीमीटरखाली लाल, साडेबारापर्यंत पिवळं. एक जण पिवळ्यात निघतो, १२.२. ताई त्याच्या आजीला निरोप धाडतात. दुपारी घरी येते म्हणून.

दुपारी २:१०
मोबाईल. पोषण ट्रॅकर ॲपवर हजेरी, आहार, वजन. घरी न्यायचा आहार देताना आता लाभार्थीचा चेहरा जुळवावा लागतो. सकाळच्या त्या कडेवरच्या पोराची आई दुपारी कपाशीत आहे, चेहरा कुठून आणायचा? पाकीट तसंच राहतं. रेंजसाठी ताई मारुतीच्या ओट्यावर जाऊन बसतात.

दुपारी ४:३०
गृहभेट. पिवळ्या पट्टीचं घर. आजी शेंगा सोलतेय, नातू मोबाईलला चिकटलेला. "गप बसतो ना त्यानं," आजी म्हणते. ताई मोबाईल काढून घ्यायला सांगत नाहीत. चार शेंगा त्याच्यापुढे टाकतात. तो एक दाबतो, फुटत नाही. दाताखाली धरतो.
"आजी, शेंगा सोलताना त्याच्याशी बोलत जा. आणि खिचडीवर चमचाभर तेल घाला, दिवसातून दोनदा जास्तीचं खायला द्या."
"काम सोडून लेकरासंगं बोलत बसू का?"
"काम सोडू नका. करता करताच बोला."
आजीला हे पटलंय की नाही, चेहऱ्यावरून कळत नाही. पण शेंगांची दुरडी ती नातवाकडे सरकवते.

संध्याकाळी ६:१५
टेम्पो परततो. सकाळची बाई ओट्यावर येते, बोटं काट्यांनी ओरखडलेली. आज बावन्न किलो, म्हणजे ५२० रुपये. ताई मोबाईल धरतात, चेहरा जुळतो, पाकीट जातं.

ताईंचं स्वतःचं मानधन २०२३मध्ये ८,३२५ वरून १०,००० झालं, मावशींचं ४,४२५ वरून ५,५००. तरी त्या डिसेंबरात राज्यभर संप झाला. पुढच्या वर्षी रक्कम आणखी वाढली.

रात्री ८:४०
ताई वहीत लिहितात. कुणी ताटल्या बरोबर मांडल्या, कुणी घडी घातली. ही वही कुणी मागितलेली नाही. मग स्थलांतराची नोंद. सरकी सोडवणाऱ्या मुलीचे आईबाप ऊसतोडीची उचल घेऊन बसलेत, ट्रॅक्टर पहाटे येणार. ताई कारखान्याचं नाव, गाव विचारून घेतात, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत तिला आहार मिळेल. उसाच्या फडापासून ती अंगणवाडी किती लांब असेल, ते नोंदीत येत नाही. पोरगी कारखाना बंद झाल्यावरच परत येईल, मार्चच्या शेवटी.