क्रायटन : खाण राहिली, गाव गेलं

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, सडबरी शहराच्या पश्चिमेला क्रायटनची निकेलची खाण आहे. १९०१ पासून चालत आलेली ही खाण आता जमिनीखाली सुमारे अडीच किलोमीटरवर पोचली आहे. तिच्या तोंडाशी वसलेलं क्रायटन गाव मात्र १९८८ साली रिकामं झालं. खाण संपली की गावाची रया जाते, हे कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींवरून आपल्याला ठाऊक आहे. इथे खनिज मुबलक होतं, पाळ्या चालू होत्या, आणि तरीही गाव उठलं.

सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वी इथे एक प्रचंड उल्का आदळली. त्या आघाताने वितळलेल्या खडकातून निकेल आणि तांब्याचे साठे तयार झाले. १८८३ साली रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना ते नजरेस पडले. पुढे इन्को या नावाने जगभर ओळखली गेलेली कंपनी १९०२ साली उभी राहिली आणि क्रायटन तिची मोठी खाण ठरली. सुरुवातीच्या काळात खनिजातला गंधक काढायला लाकडांवर खनिजाचे ढीग रचून ते महिनोन्महिने जळत ठेवत. त्या धुराने झाडं मेली, माती वाहून गेली, उघडे पडलेले खडक काळे झाले. सडबरीकरांनी १९७८ पासून चुना टाकून आणि लाखो झाडं लावून हा डाग पुसायला घेतला. त्यांच्या या चिकाटीबद्दल मला फार आदर वाटतो.

क्रायटन गावात फिनलंड, इटली, युक्रेनमधून आलेली कुटुंबं राहत. घरं कंपनीची. पाण्याचे नळ आणि गटारं जुनी झाली, त्यांच्या दुरुस्तीचा खर्च कंपनीला नको होता. १९८६ साली लोकांना गाव सोडण्याची सूचना मिळाली. दोन वर्षांत सगळे गेले, घरं पाडली गेली. पिढ्यान् पिढ्या जिथे राहिलो ती जागा आपली नव्हतीच, हे असं कळणं क्रूर आहे.

खाली खाणीत मात्र काम वाढतच गेलं. दोन किलोमीटर खोलीवर खडकाचं तापमान ४० अंशांच्या वर असतं. त्यावर क्रायटनचा उपाय सुंदर आहे. वरच्या भागातलं खनिज काढून झाल्यावर उरलेल्या फुटक्या दगडांच्या प्रचंड राशीतून हवा आत ओढतात. हिवाळ्यात गोठवणारी हवा दगडांना थंड करते आणि स्वतः उबदार होते. उन्हाळ्यात तेच दगड हवेला गारवा देतात.

याच खोलीवर एक हजार टन जड पाण्याची टाकी बांधून शास्त्रज्ञांनी सूर्यावरून येणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण टिपले. माथ्यावरचा दोन किलोमीटर खडक बहुतेक वैश्विक किरणांना वरच अडवतो. हे न्यूट्रिनो वाटेत रूप बदलतात, हे त्यातून सिद्ध झालं आणि आर्थर मॅकडोनाल्ड यांना २०१५ चं नोबेल मिळालं. खोल खाणीच्या या उपयोगाशी मुंबईचंही नातं आहे: टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ साली कोलारच्या खाणीत वातावरणातले न्यूट्रिनो टिपले होते.

क्रायटनमध्ये त्या टाकीभोवती वाढलेली प्रयोगशाळा आता विश्वातल्या अदृश्य कृष्णद्रव्याच्या शोधात आहे. २००६ पासून खाण ब्राझीलच्या व्हाले कंपनीची आहे. संशोधक खाणकामगारांसोबतच लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली उतरतात, सुमारे दीड किलोमीटर बोगदा चालतात आणि अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून मगच प्रयोगशाळेत शिरतात.