रणगाड्याच्या रंगाचे टवके

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक क्षेत्रात लष्करी वाहन ही नवलाईची गोष्ट नाही. १९०४ ची गन कॅरिज फॅक्टरी याच शहरातली, आणि शक्तिमान ट्रकसाठी ओळखली जाणारी व्हेइकल फॅक्टरी १९६९ ची. रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती रंगवणाऱ्याने आधी अशा जुन्या ट्रककडे नीट पाहावे. रंग उडतो तो पायरीच्या कडेला, मुठीभोवती, झाकणांच्या कोपऱ्यांवर. पत्र्याच्या मध्यभागी क्वचितच. जिथे बूट, हात, अवजार किंवा तारेचा दोर घासतो तिथेच टवका पडतो.

प्रतिकृती बहुधा १:३५ मापाची असते. तिच्यावरचा एक मिलिमीटरचा टवका खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा होतो! म्हणून खुणा टाचणीच्या टोकाएवढ्याच हव्यात.

टवके दाखवण्याची सर्वांत विलक्षण रीत हेअरस्प्रेची. आधी लालसर तपकिरी अस्तर द्यायचे, ते वाळले की त्यावर केसांना मारायचा साधा स्प्रे, आणि वर पातळ अ‍ॅक्रिलिक हिरवा रंग. थोड्या वेळाने पृष्ठभाग पाण्याने ओलावून राठ ब्रशने हलकेच घासला, की पाणी रंगातून झिरपते, खालचा स्प्रे विरघळतो आणि हिरवा थर सुटून येतो. हा टवका रंगवलेला नसतो, खरोखर उडालेला असतो. त्याची वेडीवाकडी कड कुठल्याही ब्रशला साधत नाही. स्प्रेऐवजी जाड्या मिठाचे खडे चिकटवून, रंग वाळल्यावर ते झाडून टाकण्याची रीतही आहे. अगदी बारीक खुणांसाठी स्पंजचा फाटका तुकडा पुरतो.

गंजाचा मोह मात्र आवरावा. वापरातल्या रणगाड्याला जवान पुन्हापुन्हा रंग देतात; ओरखड्यातून अस्तर किंवा काळपट पोलाद दिसते. भडक नारिंगी गंज शोभतो तो धुराड्यावर, कारण तिथला रंग उष्णतेने जळून जातो. एम-११३ सारख्या अ‍ॅल्युमिनियमच्या चिलखती गाडीच्या कवचावर तर गंज दाखवणे ही चूकच.

अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, १९९४ मध्ये उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात विजयंतासारखे रणगाडे जवळून पाहता येतात. आकार आणि जोड समजून घ्यायला ती जागा उत्तम. झीज पाहायची तर रोजच्या कामातले वाहनच बरे.

धूळ सर्वांत शेवटी, कोरड्या रंगपुडीची. साखळीपट्ट्याच्या जमिनीला घासणाऱ्या कडा तेवढ्या त्यातून वगळाव्यात. तिथे पेन्सिलीचे शिसे बोटाने चोळले, की झिजलेल्या पोलादाची लकाकी हुबेहूब उतरते.