सतरा वर्षांनी येणारा कीटक आणि नदीतील मासे

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की वाळवीला पंख फुटतात आणि दिव्याभोवती तिची झुंबड उडते. ही मेजवानी चारदोन दिवसांचीच असते. पण तेवढ्यात पाखरे, बेडूक आणि पाणवठ्यातील मासे आपापला वाटा उचलतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागात असाच, परंतु कितीतरी मोठा प्रकार घडतो. तो मात्र दरवर्षी नव्हे, तर तेरा किंवा सतरा वर्षांनी एकदा.

या कीटकास सिकाडा म्हणतात. रात्री किर्र करणारा आपला रातकिडा तो नव्हे. सह्याद्रीच्या रानात पावसाळ्याच्या तोंडावर भर दिवसा कर्कश सूर लावणारे जे कीटक असतात, त्यांच्या कुळातील हा. अंगाने काळा, डोळे लाल, पंखांच्या शिरा नारिंगी आणि लांबी सुमारे तीन सेंटीमीटर. मादी झाडाच्या कोवळ्या फांद्यांत अंडी घालते. पिले जमिनीवर पडून मातीत शिरतात आणि झाडांच्या मुळांतील रस शोषीत वर्षानुवर्षे तेथेच राहतात. ठरलेल्या वर्षाच्या वसंतात जमीन सुमारे १८ अंश सेल्सियसपर्यंत तापली, की सारी पिढी काही दिवसांत एकदम वर येते. इलिनॉय राज्यातील एका पूरमैदानी जंगलात एकरी सुमारे १५ लाख इतकी त्यांची संख्या शास्त्रज्ञांनी मोजली होती. या कीटकास दंश नाही, विष नाही, चपळाईही नाही. संख्या हेच त्याचे संरक्षण. खाणारे खाऊन तृप्त होतात आणि तरीही पुष्कळ उरतात.

अशा वर्षी तेथील हौशी मच्छीमार दूरच्या प्रसिद्ध नद्यांचा नाद सोडून घराजवळच्या ओढ्यावर जातात. त्यांची पद्धत ‘फ्लाय फिशिंग’ची असते. गळाला खरे आमिष न लावता पिसे, दोरा, रबरी फोम यांची कीटकासारखी बनावट ‘माशी’ बांधतात आणि जड दोरीच्या झोक्याने ती पाण्यावर फेकतात. एरवी ही माशी नखाएवढी असते व ती पाण्यावर अलगद उतरावी लागते. सिकाडाच्या दिवसांत सारेच उलट! काळ्या फोमची अंगठ्याएवढी माशी ‘टप्प’ असा आवाज करीत पडावी लागते. कारण झाडावरून निसटलेला खरा सिकाडा तसाच पडतो. वेळही बदलते. एरवी पहाट किंवा तिन्हीसांज साधणारा मच्छीमार आता ऊन तापल्यावर बाहेर पडतो. सिकाडा उडतात ते उन्हात. पावसाळी, गार दिवशी ते गप्प बसतात.

पहिल्याच दिवशी घाई करणाऱ्याच्या पदरी मात्र निराशा येते. कात टाकल्यावर सिकाडाचे अंग टणक होऊन त्याला नीट उडता येण्यास काही दिवस लागतात. पाण्यात ते पडू लागतात त्यानंतर. हे खाद्य आहे, हे माशांनाही जणू शिकावे लागते. एकदा शिकले, की तळाशी चरणारा कार्पसारखा मासादेखील पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतो. पुढे पोटे भरली, की पुन्हा सारे मंदावते.

मेरीलँड राज्यात बाल्टिमोर शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या प्रेटीबॉय धरणाखाली गनपावडर फॉल्स ही नदी वाहते. धरणाच्या तळाचे गार पाणी मिळत असल्याने तेथे ट्राउट मासा टिकला आहे. धरणालगतच्या काही मैलांत केवळ कृत्रिम आमिष वापरावे व धरलेला मासा परत सोडावा, असा नियम आहे. समोर खऱ्या सिकाडांचा खच पडला असला, तरी त्यातला एकही गळाला लावता येत नाही! २०२१ साली ‘दहावी पिढी’ म्हणून ओळखला जाणारा समूह तेथे वर आला. त्यापूर्वी तो २००४ व १९८७ साली आला होता.

जाणता मच्छीमार येथे आधी नदी पाहत नाही, काठ पाहतो. सतरा वर्षांपूर्वी ज्या झाडांवर अंडी घातली गेली, ती झाडे उभी असतील आणि त्यांखालची माती कोणी उकरली नसेल, तरच कीटक वर येणार. मधल्या काळात तेथे वसाहत उठली, वाहनतळाचे डांबर पडले, तर जमिनीखालची पिढी तेथेच संपते आणि खालच्या पाण्यातील माशांना त्या वर्षी काहीच मिळत नाही. सारी पिढी नाहीशी झाल्याचेही उदाहरण आहे. ईशान्येकडील कनेक्टिकट भागातील ‘अकरावी पिढी’ १९५४ नंतर कोणालाही दिसलेली नाही. काठावरचे झाड तोडताना नदीचेही काही तुटते, हे इतक्या उघडपणे दाखविणारे दुसरे उदाहरण प्रस्तुत लेखकास तरी ठाऊक नाही.

मेलेले सिकाडाही वाया जात नाहीत. जमिनीवर पडलेल्यांच्या कुजण्याने मातीतील नत्र वाढते, आणि पाण्यात पडलेल्यांचा परिणाम तळ्यातील सूक्ष्म जीवांपर्यंत पोचतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

आपल्या देशातही नेमाने येणारा एक सिकाडा आहे. मेघालयाच्या री-भोई जिल्ह्यात तो दर चार वर्षांनी, जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या वर्षीच, निघतो. स्थानिक लोक त्यास ‘नियांगतासेर’ म्हणतात व रात्री वेचून आवडीने खातात. शास्त्रीय ग्रंथांत त्याची नोंद झाली ती २०१३ साली. गावकऱ्यांचा हिशेब त्याहून जुना आहे.

गनपावडरच्या काठची पिढी आता २०३८ साली वर येईल.