यंत्र आईचं पोट होईल का?

वाशीपासून खारघरपर्यंत आयव्हीएफ केंद्रांच्या पाट्या आता नवी मुंबईकरांच्या सवयीच्या झाल्या आहेत. त्यात ऑगस्ट 2025 मध्ये चीनमधल्या 'बाळ जन्माला घालणाऱ्या रोबो'ची बातमी घराघरांतल्या मोबाइलवर फिरली. यंत्राने बाळ वाढवल्याचा एकही सिद्ध प्रयोग तिच्यामागे नव्हता.

गैरसमज : टेस्ट ट्यूब बेबी नळीत वाढते.
आयव्हीएफमध्ये स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचं मीलन उथळ बशीत होतं. गर्भ साधारण तीन ते पाच दिवस प्रयोगशाळेत राहतो आणि मग गर्भाशयात सोडला जातो. पुढचे सगळे महिने पोटातले. 6 ऑगस्ट 1986 रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून जन्मलेली टेस्ट ट्यूब बेबी हर्षा चावडाही आईच्याच पोटात वाढली. 2016 मध्ये ती स्वतः आई झाली.

गैरसमज : कृत्रिम गर्भाशय तयार आहे, फक्त परवानगी अडली आहे.
2017 मध्ये फिलाडेल्फियाच्या शास्त्रज्ञांनी मुदतीआधी काढलेली कोकरं द्रवाने भरलेल्या पारदर्शक पिशवीत चार आठवड्यांपर्यंत जगवली. नाळ प्राणवायू देणाऱ्या उपकरणाला जोडलेली होती. पंप नव्हता, कोकराचं इवलं हृदयच त्यातून रक्त फिरवत होतं. विलक्षण काम आहे हे! पण ती कोकरं तोवर मेंढीच्या पोटातच वाढली होती. बावीस-तेविसाव्या आठवड्यात जन्मणारी बाळं वाचावीत, एवढाच या संशोधनाचा हेतू आहे. दुसऱ्या टोकाला, मानवी गर्भ प्रयोगशाळेत 14 दिवसांपलीकडे वाढवू नये, असं आपली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मधले चार-साडेचार महिने कोणत्याच यंत्राकडे नाहीत. वार (प्लॅसेंटा) अन्न, प्राणवायू, संप्रेरकं आणि आईची प्रतिपिंडं यांचा हिशेब क्षणोक्षणी बदलत असते. तशी वार अजून कुणाला बनवता आलेली नाही.

पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात मे 2017 मध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने केलेलं गर्भाशय प्रत्यारोपणही अनेकांना 'कृत्रिम' वाटतं. तिथे तर आईने लेकीला स्वतःचं गर्भाशय दिलं. ज्या पिशवीत लेक वाढली, त्याच पिशवीत नात वाढली आणि 18 ऑक्टोबर 2018 रोजी सिझेरियनने जन्मली. मुदतीआधी आलेल्या त्या बाळाचं वजन सुमारे दीड किलो होतं.

गैरसमज : यंत्रातून आलेल्या बाळात आत्मा नसेल.
आत्मा मोजायचं उपकरण विज्ञानाकडे नाही, तेव्हा उत्तर परंपरेतच शोधू. द्रोण द्रोणात जन्मले, कौरव तुपाच्या कुंभांत वाढले. त्यांना कुणी आत्म्याविना मानलं नाही. (या कथांना प्राचीन आयव्हीएफचा पुरावा म्हणणं मात्र विज्ञानावर आणि कथांवरही अन्याय आहे.) कृष्णाला देवकीने जन्म दिला आणि यशोदेने वाढवलं, आपण दोघींनाही आई म्हणतो. वारकऱ्यांनी तर विठ्ठलाला आणि ज्ञानोबांना माउली केलं. मातृत्व पोटाशी बांधलेलं नाही, म्हणून मूल दत्तक घेणारी आईही पूर्ण आईच असते. आणि म्हणूनच उद्या यंत्र आलं, तरी त्या बाळाला कमी लेखायचा हक्क कुणालाही नसेल.

माझ्या मते पूर्ण गर्भारपण यंत्राकडे जाणं आपल्या हयातीत तरी शक्य नाही. तोवर चमत्काराच्या जाहिरातींवर पैसे उधळू नका. 2021 च्या कायद्याने प्रत्येक आयव्हीएफ केंद्राला नोंदणी सक्तीची आहे; उपचार सुरू करण्याआधी ते प्रमाणपत्र मागून घ्या.